गणितातील बी.एस्सी.नंतरचा मार्ग कोणत्या क्रमाने ठरवावा

दरवर्षी जून-जुलैमध्ये गणितात बी.एस्सी. झालेले विद्यार्थी गुणपत्रिका घेऊन भेटायला येतात आणि आता पुढे काय करता येईल असे विचारतात. त्यांच्यापैकी अनेकांना मला सांगावे लागते की ज्या परीक्षेविषयी ते विचारत आहेत तिचा अर्ज मागच्या सप्टेंबरमध्येच भरायचा होता. या मुलामुलींची तयारी किंवा हुशारी कमी पडलेली नसते. त्यांचा क्रम चुकलेला असतो. आधी कुणा ओळखीच्याच्या सांगण्यावरून क्षेत्र ठरते, मग क्लास लावला जातो, आणि पात्रतेची अट सर्वांत शेवटी, अर्ज भरायला बसल्यावर वाचली जाते. म्हणून पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्यावेत. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला हे काम हाती घेतले तर सर्व दारे उघडी असतात. पदवी हातात आल्यावर सुरुवात करणाऱ्यांनीही पहिल्या टप्प्यापासूनच आरंभ करावा. त्यांच्यासाठी फक्त तिसऱ्या टप्प्यातील दिनदर्शिका पुढच्या वर्षाची ठरते.

टप्पा १ : स्वतःच्या गुणपत्रिका वाचणे

सर्व सेमिस्टरच्या गुणपत्रिका समोर ठेवून एका वहीत प्रत्येक सेमिस्टरचे विषय, श्रेयांक आणि गुण उतरवून काढा. हे काम तासाभराचे आहे, पण ते कुणी करत नाही. या नोंदीतून चार गोष्टी स्पष्ट झाल्या पाहिजेत : पदवीची एकूण टक्केवारी, बारावीच्या गणितातील टक्केवारी, कोणत्या सेमिस्टरमध्ये कोणता विषय राहिला होता, आणि संख्याशास्त्र हा विषय नेमकी किती सेमिस्टर होता.

टक्केवारीबाबत एक चूक वारंवार होते. गुणपत्रिकेवर सीजीपीए, म्हणजे सर्व सेमिस्टरचा सरासरी श्रेणीगुण असतो आणि विद्यार्थी त्याला स्वतःच नऊ किंवा दहाने गुणून टक्केवारी लिहितात. रूपांतराचे सूत्र प्रत्येक विद्यापीठाचे स्वतःचे असते आणि ते गुणपत्रिकेच्या मागे किंवा परिपत्रकात दिलेले असते. तेच वापरावे आणि त्याची प्रत जपून ठेवावी, कारण किमान टक्केवारीच्या (उदा. ५५ टक्के) अटीपाशी अर्ध्या टक्क्याचाही प्रश्न निर्माण होतो.

संख्याशास्त्राबाबतची अट अधिक महत्त्वाची आहे, आणि महाराष्ट्रातील विद्यार्थी नेमके येथेच अडकतात. आपल्याकडे अनेक महाविद्यालयांत पहिली दोन वर्षे गणिताच्या जोडीला संख्याशास्त्र किंवा भौतिकशास्त्र घेतले जात असे आणि तिसऱ्या वर्षी केवळ गणित उरत असे. अशा विद्यार्थ्याला आपण 'स्टॅट घेतलेले' आहोत असे वाटते. कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधर स्तरावरील परीक्षेत सांख्यिकी अन्वेषक या पदासाठी मात्र संख्याशास्त्र तिन्ही वर्षे, म्हणजे सहाही सेमिस्टर शिकलेले असावे अशी अट असते. त्याच परीक्षेतील कनिष्ठ सांख्यिकी अधिकारी या पदाची अट वेगळी आहे : बारावीच्या गणितात किमान ६० टक्के गुण, किंवा पदवीला संख्याशास्त्र हा एक विषय. एकाच परीक्षेतील दोन पदांच्या अटींत इतका फरक असल्यामुळे जाहिरात पदनिहाय वाचावी लागते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या भारतीय सांख्यिकी सेवा परीक्षेलाही पदवीला किंवा पदव्युत्तर स्तरावर संख्याशास्त्र असावे लागते. नुसत्या गणिताच्या पदवीवर तो अर्ज करता येत नाही. माझ्या परिचयातील एका विद्यार्थिनीने या सेवेसाठी दीड वर्ष अभ्यास केला आणि अट तिने अर्जाच्या पडद्यावर पहिल्यांदा वाचली. तिने पुढे संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून ती वाट पुन्हा उघडली, पण हा निर्णय ती पहिल्याच दिवशी घेऊ शकली असती.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार प्रवेश घेतलेल्यांपुढे आणखी एक प्रश्न असतो : तीन वर्षांनंतर बाहेर पडावे की चौथे वर्ष पूर्ण करावे. चार वर्षांची पदवी ७५ टक्के गुणांनी मिळाली तर पीएच.डी. प्रवेशासाठी थेट पात्रता मिळते, आणि जेथे एक वर्षाची एम.एस्सी. उपलब्ध आहे तेथे तीही करता येते. माझे मत असे की तीन वर्षांनंतर चांगल्या संस्थेत दोन वर्षांच्या एम.एस्सी.ला जागा मिळत असेल तर ती घ्यावी, कारण गणितात शिक्षक आणि सहाध्यायी कोण आहेत यावर फार काही अवलंबून असते. तशी जागा मिळत नसेल आणि आपल्या महाविद्यालयात चौथ्या वर्षी खरोखर शिकवणारे प्राध्यापक असतील, तर चौथे वर्ष हा चांगला पर्याय आहे.

तपासणी : वहीत पदवीची टक्केवारी, बारावीच्या गणिताचे गुण आणि संख्याशास्त्राची सेमिस्टर-संख्या हे तीन आकडे लिहिले असतील तरच पुढे जा.

टप्पा २ : कागदपत्रे आधी उभी करणे

कागदपत्रे निकालानंतर काढायची असा समज आहे. तात्पुरते पदवी प्रमाणपत्र आणि स्थलांतर प्रमाणपत्र निकालानंतरच मिळतात हे खरे, पण उरलेली सर्व कागदपत्रे आधी काढता येतात, आणि वेळ खातात तीही हीच : जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र, अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला.

राज्याचे आणि केंद्राचे नमुने वेगळे असतात. राज्य सीईटी (सामाईक प्रवेश परीक्षा) कक्षाच्या प्रवेशासाठी काढलेले नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र आयआयटीच्या किंवा केंद्रीय विद्यापीठाच्या प्रवेशाला चालत नाही. तेथे केंद्रीय नमुन्यातील आणि साधारणपणे चालू आर्थिक वर्षातील, म्हणजे १ एप्रिलनंतरचे प्रमाणपत्र मागितले जाते. सेतू किंवा आपले सरकार केंद्रात अर्ज करताना 'केंद्रीय नमुना हवा' असे स्पष्ट सांगावे लागते, अन्यथा राज्याचाच नमुना हाती पडतो.

आपल्याकडच्या विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्ग या स्वतंत्र वर्गवाऱ्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेत नसतात. आपली जात केंद्राच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत असेल तर त्या वर्गातून अर्ज करता येतो. त्यासाठी केंद्रीय यादीत जातीचे नाव नेमके कसे लिहिले आहे ते पाहून त्याच लेखनाने प्रमाणपत्र घ्यावे. राज्याचे एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आरक्षण केंद्रीय प्रवेशांना लागू नाही.

सावधान : दहावीच्या प्रमाणपत्रावरील, आधारवरील आणि पदवीच्या गुणपत्रिकेवरील नाव अक्षरशः सारखे आहे का ते पाहा. आईचे नाव एका ठिकाणी आहे आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, आडनाव आधी की शेवटी, अशा फरकांमुळे पडताळणीच्या दिवशी जागा अडकते. दुरुस्तीला आठवडे लागतात, म्हणून ती तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीपूर्वी सुरू करावी.

टप्पा ३ : बारा महिन्यांची दिनदर्शिका भिंतीवर लावणे

तारखा दरवर्षी थोड्या पुढेमागे होतात, पण महिने बहुतांशी ठरलेले असतात. तिसऱ्या वर्षाच्या ऑगस्टपासून सुरुवात करून मोठ्या कागदावर ते लिहून काढावेत.

ऑगस्टच्या अखेरीपासून एम.टेक. व पीएच.डी. प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेचे अर्ज सुरू होतात. सप्टेंबरमध्ये आयआयटींच्या एम.एस्सी. प्रवेशासाठीच्या जॅम परीक्षेचे अर्ज निघतात आणि ऑक्टोबरमध्ये बंद होतात. परीक्षा फेब्रुवारीत असते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची प्रवेश परीक्षा सहसा डिसेंबरात होते. केंद्रीय विद्यापीठांसाठीच्या सीयूईटी-पीजीचे अर्ज डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास निघतात आणि परीक्षा मार्चच्या आसपास होते. बी.एड., एमसीए आणि एमबीएसाठीच्या राज्य सीईटीचे अर्जही हिवाळ्यातच सुरू होतात. भारतीय सांख्यिकी संस्था आणि चेन्नई गणित संस्था यांचे अर्ज मार्चच्या सुमारास आणि परीक्षा मे महिन्यात असतात. राज्यातील विद्यापीठांचे व महाविद्यालयांचे स्वतःचे एम.एस्सी. प्रवेश मात्र जून-जुलैत होतात, आणि अनेकांना फक्त हाच महिना ठाऊक असतो.

प्रत्येक परीक्षेपुढे तीन तारखा लिहा : अर्ज सुरू होण्याची, अर्ज बंद होण्याची आणि अर्जातील दुरुस्तीची. दुरुस्तीची खिडकी असते हेच अनेकांना माहीत नसते, आणि चुकीचा प्रवर्ग भरलेला अर्ज तसाच राहतो.

तपासणी : कागदावर किमान पाच परीक्षांच्या तारखा आल्या आहेत का? आपण त्या सर्व देणार नसलो तरीही त्या लिहाव्यात, कारण पुढच्या टप्प्यातील निवड त्यांच्यावर अवलंबून आहे.

टप्पा ४ : पंधरा दिवसांची चाचणी आणि मग निवड

आवडीचा प्रश्न मी मुद्दाम चौथ्या क्रमांकावर ठेवला आहे. पहिल्या तीन टप्प्यांतून जे मार्ग खरोखर उपलब्ध आहेत त्यांची यादी तयार होते. आवड त्या यादीतून निवडण्यासाठी वापरायची असते.

गणित आवडते असे सर्वच सांगतात, पण त्या वाक्याचे अर्थ वेगवेगळे असतात. कुणाला उदाहरण सुटल्याचा आनंद आवडतो, कुणाला सिद्धता, कुणाला दुसऱ्याला समजावून सांगणे, तर कुणाला आकड्यांतून एखाद्या प्रश्नाचे उत्तर काढणे. हे वेगळे ओळखण्यासाठी यादीतील दोन मार्ग निवडून प्रत्येकाला पंधरा दिवस द्यावेत, आणि त्या दिवसांत त्या मार्गावरील माणूस रोज जे काम करतो त्याचाच छोटा नमुना करावा. उच्च गणिताचा विचार असेल तर रिअल अ‍ॅनालिसिसच्या पाठ्यपुस्तकातील एका प्रकरणाचे सर्व प्रश्न उत्तरे न पाहता सोडवून पाहावेत. एका प्रश्नावर दोन दिवस गेले तरी बसून राहावेसे वाटते का, ही खरी कसोटी आहे. अध्यापनाचा विचार असेल तर शेजारच्या दोन-तीन आठवी-नववीच्या मुलांना अपूर्णांक आणि ऋण संख्या शिकवून पाहाव्यात. विदा (डेटा) विश्लेषणाचा विचार असेल तर लासलगाव बाजार समितीतील कांद्याची रोजची आवक आणि भाव यांचे एका वर्षाचे आकडे सरकारी अ‍ॅगमार्कनेट संकेतस्थळावरून उतरवून घ्यावेत, त्यांतील गाळलेले दिवस आणि चुकीच्या नोंदी स्वच्छ कराव्यात आणि आवक वाढल्यावर भाव किती दिवसांनी हलतो ते शोधावे. या कामातील बहुतेक वेळ स्वच्छतेत जातो. ते कंटाळवाणे वाटले तर नोकरीतही तसेच वाटणार आहे.

यानंतर एक मुख्य मार्ग आणि एक पूरक मार्ग निवडावा. पूरक मार्गाचा अभ्यास मुख्य मार्गाशी निम्म्याहून अधिक सामाईक असला पाहिजे. जॅम आणि सीयूईटी-पीजी ही जोडी चालते, तशीच जॅम आणि विद्यापीठाची एम.एस्सी. ही जोडीही. जॅम आणि राज्यसेवा ही जोडी चालत नाही, कारण दोन्हींचा अभ्यास वेगळा आहे आणि फेब्रुवारीपर्यंत दोन्ही अर्धवट राहतात.

टप्पा ५ : निवडलेल्या मार्गाची तयारी

५.१ एम.एस्सी. आणि संशोधन

जॅमच्या गणिताच्या प्रश्नपत्रिकेत तीन तासांत ६० प्रश्न आणि १०० गुण असतात. पहिल्या विभागात एकच पर्याय बरोबर असलेले ३० प्रश्न ५० गुणांचे असतात आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांच्या एक-तृतीयांश गुण वजा होतात. दुसऱ्या विभागात एक किंवा अधिक पर्याय बरोबर असलेले १० प्रश्न २० गुणांचे, आणि तिसऱ्या विभागात संख्येने उत्तर द्यायचे २० प्रश्न ३० गुणांचे असतात. या दोन विभागांत गुण वजा होत नाहीत. दुसऱ्या विभागात सर्व बरोबर पर्याय निवडले तरच गुण मिळतात, अंशतः गुण नाहीत.

या रचनेवरून अभ्यासाची पद्धत ठरते. आपल्या विद्यापीठीय परीक्षेत प्रमेयाची सिद्धता पाठ करून लिहिली की गुण मिळतात. येथे प्रमेयातील एक अट काढून टाकली तर काय बिघडते हे विचारले जाते, आणि त्याचे उत्तर उदाहरणांच्या साठ्यातून येते. म्हणून अभ्यासाच्या पहिल्याच दिवशी 'प्रतिउदाहरणांची वही' सुरू करावी आणि ती परीक्षेच्या आदल्या दिवसापर्यंत वाढवत न्यावी. पदे शून्याकडे जात असूनही बेरीज अमर्याद वाढणारी हार्मोनिक सिरीज. सर्वत्र डेरिव्हेटिव्ह असूनही शून्यापाशी तो डेरिव्हेटिव्ह कंटिन्युअस नसणारे, एक्सचा वर्ग गुणिले साइन एक-भागिले-एक्स (शून्यापाशी किंमत शून्य) हे फंक्शन. स्वतःखेरीज प्रत्येक सबग्रुप सायक्लिक असूनही स्वतः सायक्लिक नसणारा क्लाइनचा चार घटकांचा ग्रुप. अशी साठ-सत्तर उदाहरणे सिद्धतेसह हाताशी असतील तर दुसरा विभाग भीतीचा राहत नाही.

विषयांचा क्रम असा ठेवावा : जून ते ऑगस्ट लिनिअर अल्जिब्रा आणि सिक्वेन्स-सिरीज, सप्टेंबर-ऑक्टोबर एका चलाचे कॅल्क्युलस आणि ग्रुप थिअरी, नोव्हेंबर बहुचल कॅल्क्युलस आणि अवकल समीकरणे, डिसेंबरपासून मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका वेळ लावून. मागील प्रश्नपत्रिका सुरुवातीलाच सोडवून संपवणे ही मोठी चूक आहे, कारण शेवटच्या दोन महिन्यांत स्वतःला मोजायला काही उरत नाही. निदान पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका न पाहता बाजूला ठेवाव्यात.

ज्यांना खरोखर गणितात पुढे जायचे आहे त्यांनी पदवीच्या काळातच एमटीटीएस या उन्हाळी प्रशिक्षण शिबिरासाठी अर्ज करावा. १९९३ पासून चालणाऱ्या या कार्यक्रमात काही आठवडे रोज प्रश्न विचारून गणित शिकवले जाते, आणि छोट्या गावांतून आलेल्या अनेक मुलामुलींना सिद्धता म्हणजे काय हे तेथे पहिल्यांदा उमजते.

एम.एस्सी. ५५ टक्क्यांनी झाल्यावर प्राध्यापकपदासाठी सीएसआयआर-नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा किंवा महाराष्ट्रात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातर्फे घेतली जाणारी सेट ही राज्यस्तरीय पात्रता परीक्षा द्यावी लागते. राखीव प्रवर्गांना गुणांत सवलत असते. नेटच्या गणितीय विज्ञानाच्या २०० गुणांच्या प्रश्नपत्रिकेत सर्वाधिक ९५ गुण तिसऱ्या भागाचे असतात. त्यात ६० पैकी केवळ २० प्रश्न सोडवायचे असतात आणि गुण वजा होत नाहीत. प्रश्न निवडणे हाच येथे अभ्यासाचा मोठा भाग आहे. सेटमध्ये कोठेच गुण वजा होत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न रिकामा सोडू नये. एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी. सेट-नेट उत्तीर्ण झाल्यावरही कायम नेमणुकीसाठी बराच काळ तासिका तत्त्वावर काम करावे लागू शकते, आणि घरच्या आर्थिक परिस्थितीचा विचार करूनच हा मार्ग मुख्य म्हणून निवडावा.

५.२ शालेय अध्यापन

येथे क्रम चुकला तर वर्षे जातात. बी.एड. दोन वर्षांचे आहे आणि त्याला राज्य सीईटी द्यावी लागते. सहावी ते आठवीला शिकवण्यासाठी शिक्षक पात्रता परीक्षेचा दुसरा पेपर गणित-विज्ञान गटातून द्यावा लागतो. शासकीय आणि अनुदानित शाळांतील भरती पवित्र पोर्टलवरून होते आणि तेथे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीतील गुण लागतात. ही चाचणी २०० प्रश्नांची आणि दोन तासांची असते. तिच्यात विषयज्ञानापेक्षा वेग तपासला जातो. पात्रता परीक्षा आणि अभियोग्यता चाचणी एकच आहे असा गैरसमज सर्रास आढळतो. पहिली उत्तीर्ण व्हायची असते, दुसरीत शक्य तितके गुण मिळवायचे असतात.

कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायचे असेल तर एम.एस्सी. आणि बी.एड. दोन्ही लागतात. माझ्या मते एम.एस्सी. आधी करावी आणि बी.एड. नंतर, कारण पदवीच्या गणिताशी असलेला संबंध दोन वर्षे तुटला की तो पुन्हा जोडणे फार जड जाते.

५.३ विदा विश्लेषण आणि संगणक

या मार्गावरची ठरलेली चूक म्हणजे महागड्या अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र आधी घेणे. आधी एक्सेल नीट शिकावे, मग एसक्यूएल ही साठवलेल्या आकड्यांतून हवी ती माहिती काढण्याची भाषा, त्याबरोबर संभाव्यता आणि प्रतिगमन (रिग्रेशन), आणि त्यानंतर पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा. नवशिक्यांच्या मुलाखतीत एसक्यूएलचे साधे प्रश्न हमखास विचारले जातात आणि विद्यार्थी मशिन लर्निंगची नावे सांगत बसतात. चौथ्या टप्प्यात केलेल्या कांद्याच्या भावासारखे दोन प्रकल्प पूर्ण करून त्यांचे प्रत्येकी दोन पानांचे टिपण लिहावे : प्रश्न काय होता, आकड्यांत काय चुकीचे सापडले, उत्तर काय आले, आणि त्या उत्तरावर किती भरवसा ठेवता येईल. गणिताच्या पदवीधराचे वेगळेपण या शेवटच्या मुद्द्यात दिसते.

एमसीए करायची असल्यास बारावीला किंवा पदवीला गणित असणे ही अट आपण पूर्ण करतोच. प्रोग्रामिंगची सवय मात्र प्रवेशापूर्वी लावून घ्यावी, कारण वर्गात संगणकशास्त्राचे पदवीधर शेजारी बसलेले असतात.

५.४ विमागणिती, म्हणजे अ‍ॅक्च्युअरी

भारतीय अ‍ॅक्च्युअरी संस्थेची एसीईटी ही प्रवेश परीक्षा १०० गुणांची असून तिच्यात उत्तीर्ण होण्यास ५० टक्के लागतात. ती बारावीनंतरही देता येते आणि गणिताच्या पदवीधराला अवघड नाही. अडचण त्यानंतर सुरू होते. पूर्ण पात्रतेपर्यंत तेराच्या आसपास विषय एकेक करून उत्तीर्ण व्हावे लागतात, बहुतेकजण नोकरी करत करत ते देतात, आणि त्याला अनेक वर्षे लागतात. म्हणून एसीईटीनंतर लगेच संख्याशास्त्राचा आणि वित्तीय गणिताचा असे दोन मूलभूत विषय उत्तीर्ण करावेत आणि मगच विमा कंपन्यांत किंवा सल्लागार संस्थांत अर्ज करावेत. केवळ प्रवेश परीक्षेच्या जोरावर केलेले अर्ज सहसा मागेच राहतात. संस्थेचे सदस्यत्व शुल्क आणि प्रत्येक विषयाचे परीक्षा शुल्क यांचा तीन वर्षांचा अंदाज घरच्यांना आधी दाखवावा.

५.५ स्पर्धा परीक्षा

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत गणित हा वैकल्पिक विषय घेता येतो आणि त्याचे प्रत्येकी २५० गुणांचे दोन पेपर असतात. उत्तर बरोबर असेल तर गुण कापले जात नाहीत हा त्याचा लाभ आहे. अभ्यासक्रम मोठा आहे आणि चालू घडामोडींना त्याचा काही उपयोग होत नाही ही त्याची किंमत. या मार्गाला निघण्यापूर्वी किती वर्षे द्यायची ते लेखी ठरवावे आणि तो कागद आईवडिलांकडे द्यावा. खुल्या प्रवर्गाला सहा प्रयत्न आणि ३२ वर्षांपर्यंत वय मिळते, पण नियमाने जितकी मुदत दिली आहे तितकी वापरलीच पाहिजे असे नाही.

टप्पा ६ : अर्ज आणि पसंतीक्रम

अर्ज स्वतः भरावा. सायबर कॅफेत भरून घेतलेल्या अर्जात दुसऱ्याचा मोबाइल क्रमांक किंवा ईमेल राहून गेल्यामुळे प्रवेशाची सूचना विद्यार्थ्याला मिळालीच नाही, असे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे. छायाचित्र आणि स्वाक्षरी ठरलेल्या आकारात आधीच तयार ठेवावी, शुल्क भरल्याची पावती साठवावी आणि अर्जाची प्रत छापून कागदपत्रांच्या फाइलला लावावी.

जॅमचा निकाल लागल्यावर प्रवेशासाठी वेगळा अर्ज भरून अभ्यासक्रमांचा पसंतीक्रम द्यावा लागतो, आणि येथे हुशार विद्यार्थीही चुकतात. आपल्या गुणांना जे मिळेल असे वाटते ते वर आणि जे हवे ते खाली, असा क्रम ते लावतात. जागावाटप पसंतीक्रमाने वरून खाली पाहत होते. वरची पसंती मिळाली नाही तर खालचीचा विचार होतो आणि वरची लिहिल्यामुळे खालच्या संधीचे काही नुकसान होत नाही. उलट खालची पसंती वर लिहिली आणि ती मिळाली, तर तिच्या खाली लिहिलेली अधिक चांगली संस्था पुढच्या कोणत्याही फेरीत मिळत नाही. म्हणून क्रम केवळ इच्छेप्रमाणे लावावा, आणि जेथे जायचेच नाही ते नाव यादीत लिहूच नये.

तपासणी : पसंतीक्रम कायम करण्यापूर्वी यादीतील प्रत्येक शेजारच्या जोडीला एकच प्रश्न विचारा : दोन्ही जागा आज समोर असत्या तर मी वरचीच घेतली असती का? एका जोडीला जरी उत्तर 'नाही' आले तर क्रम बदला.

टप्पा ७ : निकालानंतरचे आठवडे

प्रवेशाचा देकार आल्यावर ठरलेल्या मुदतीत उत्तर द्यावे लागते. जागा स्वीकारून थांबणे, स्वीकारून वरच्या पसंतीची वाट पाहणे, किंवा नाकारून प्रक्रियेतून बाहेर पडणे असे पर्याय असतात. काहीच न करणे हा चौथा पर्याय नाही. मुदत संपली की पुढच्या फेऱ्यांचा हक्कही जातो. मुदतीच्या दिवसांत परगावी लग्नाला किंवा शेतीच्या कामाला जायचे असेल तर घरातील एका माणसाला पासवर्ड आणि सूचना देऊन ठेवाव्यात, आणि जागेच्या शुल्काची रक्कम खात्यात आधीच असावी.

विद्यापीठातील स्थानिक प्रवेश आणि राष्ट्रीय संस्थेतील प्रवेश यांच्या तारखा अनेकदा एकमेकांवर येतात. स्थानिक प्रवेश घेऊन ठेवणे योग्यच आहे, पण मूळ कागदपत्रे जमा करण्यापूर्वी ती परत कशी आणि किती दिवसांत मिळतात हे कार्यालयात विचारून घ्यावे, आणि जमा केलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्यावी. स्थलांतर प्रमाणपत्रासाठीचा अर्ज अंतिम निकालाच्याच आठवड्यात करावा.

सावधान : अंतिम वर्षाचा एखादा विषय राहिला असेल तर मिळालेला प्रवेश तात्पुरता ठरतो, आणि ठरलेल्या तारखेपर्यंत उत्तीर्ण गुणपत्रिका दिली नाही तर तो रद्द होतो. त्यामुळे पाचव्या सेमिस्टरमधील केटी ही प्रवेश परीक्षेच्या अभ्यासापेक्षा आधी सोडवायची गोष्ट आहे.

टप्पा ८ : कोठेच प्रवेश मिळाला नाही तर

ऑगस्टपर्यंत हातात काही नसेल तर संपूर्ण वर्ष रिकामे ठेवू नये. जवळच्या महाविद्यालयातील एम.एस्सी.ला जागा असेल तर ती घेऊन पहिल्या वर्षात पुन्हा जॅम देता येते. अभ्यास बराचसा तोच असतो आणि वर्ष वाया जात नाही. नोकरी गरजेची असेल तर शिकवणी वर्गात दुपारचे चार तास शिकवून सकाळ अभ्यासासाठी राखावी. पूर्ण दिवसाची नोकरी आणि प्रवेश परीक्षा एकत्र निभावणारे मी फार थोडे पाहिले आहेत.

खंड पडल्यास पुढच्या प्रवेशाच्या वेळी त्याचे प्रतिज्ञापत्र मागितले जाते, म्हणून त्या काळातील कामाचे पत्र किंवा अनुभवाचा दाखला मागून घ्यावा. मग पहिल्या टप्प्यातील वही पुन्हा उघडावी आणि मागच्या वर्षी कोणत्या टप्प्यावर चूक झाली ते तेथेच लिहावे : पात्रता, कागद, तारीख, निवड, तयारी की पसंतीक्रम. गुण कमी पडले असतील तर मागच्या परीक्षेची उत्तरतालिका घेऊन प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे त्याचे कारण नोंदवावे, म्हणजे संकल्पना माहीत नव्हती, माहीत असून आठवली नाही, की आकडेमोडीत घसरले. ही नोंद पूर्ण झाल्यावरच नवे पुस्तक विकत घ्यावे किंवा क्लास लावावा, आणि सप्टेंबरमधील अर्जाची तारीख त्याच पानाच्या डोक्यावर लिहावी.